सूर उशिरा येतो, तो संगणकाच्या वयामुळे का?

कीबोर्ड शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. दहा-बारा वर्षांच्या संगणकाला कीबोर्ड जोडून त्यावर पियानोचे सॉफ्टवेअर वाजवण्याचा नाद सोडावा, असे त्यात म्हटलेले असते. कारणे चार दिली जातात: प्रोसेसर मंद असल्याने सूर उशिरा येतो, १६ जीबी रॅमशिवाय चांगला पियानो उघडत नाही, एसएसडी (फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान डिस्क) नसेल तर सूर तुटतात आणि जे हलके पियानो चालतात ते खेळण्यासारखे वाजतात. यातल्या बहुतेक तक्रारी खऱ्या अनुभवातून आलेल्या आहेत. चुकले आहे ते निदान.

उशिराचेच पाहू, कारण लोक हताश होतात ते त्यामुळेच. संगणक ध्वनीची सॅम्पल, म्हणजे आवाजाची आकड्यांत मोजलेली बारीक मापे, एकेक करून नव्हे, तर गठ्ठ्याने बाहेर सोडतो आणि या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतील, तर १०२४ सॅम्पलच्या बफरमुळे सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि २५६ च्या बफरमुळे जेमतेम सहाचा. प्रोसेसर कालचा असो वा पंधरा वर्षांपूर्वीचा, हे गणित बदलत नाही. ड्रायव्हर (उपकरण आणि संगणक यांना जोडणारा छोटा प्रोग्राम) आणि साउंड कार्ड त्यात आपली भर घालतात, आणि खरी गोम तिथेच आहे. विंडोजबरोबर येणारा, सूर तयार करणारा प्रोग्राम ‘मायक्रोसॉफ्ट जीएस वेव्हटेबल सिंथ’ नव्या यंत्रावरही जाणवण्याइतका रेंगाळतो, आणि अनेक जण नेमका त्यावरच वाजवून संगणकाला नावे ठेवतात. स्टाइनबर्ग कंपनीच्या आसिओ या कमी उशिराच्या पद्धतीचा ड्रायव्हर वापरणारे पियानो सॉफ्टवेअर घ्यावे. साउंड कार्डाला तसा ड्रायव्हर नसल्यास ‘आसिओफोरऑल’ मोफत मिळतो. बफर ५१२ पासून हळूहळू खाली आणावा आणि चरचर ऐकू आली की एक पायरी मागे यावे. ही चरचर म्हणजे पुढचा गठ्ठा वेळेत तयार न झाल्याची खूण असते. प्रोसेसरच्या वेगाचा प्रश्न येतो तो इथे. दहा मिलिसेकंदांत ध्वनी हवेतून सुमारे साडेतीन मीटर जातो, म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला स्पीकरही तेवढाच उशीर करतो!

रॅमचा हिशेब कागदावर करता येतो. मुद्रित केलेल्या अख्ख्या सुरालाही सॅम्पलच म्हणतात; एका कळीचे दहा सेकंदांचे, १६ बिटचे असे स्टिरिओ सॅम्पल सुमारे १.७६ एमबीचे होते. ८८ कळी आणि कळ दाबण्याच्या जोराच्या १६ पातळ्या धरल्या, तर बेरीज अडीच जीबीच्या आसपास जाते. पण दर तिसरीच कळ ध्वनिमुद्रित करून शेजारच्या सुरांसाठी तीच वर-खाली सरकवली, तर साडेआठशे एमबी पुरतात, आणि चारच पातळ्या ठेवल्या तर सव्वादोनशेहूनही कमी. शिवाय सगळे रॅममध्ये भरावेच लागते असे नाही. १९९८ मध्ये आलेल्या ‘गिगासँपलर’ या सॉफ्टवेअरने प्रत्येक सुराची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवून उरलेला भाग वाजवताना डिस्कवरून वाचण्याची युक्ती वापरली आणि सुमारे एक जीबीचा पियानो त्या काळच्या संगणकांवर वाजवून दाखवला. त्या वेळी एसएसडी कोणाकडे होती?

खेळण्यासारख्या आवाजाचा आक्षेप फार वेळ टिकत नाही. यामाहाच्या सी ५ ग्रँड पियानोवरून घेतलेला ‘सॅलॅमँडर’ १६ पातळ्यांचा असून मोफत आहे. ‘पियानोटेक’ तर सॅम्पल वापरतच नाही. तारा, हातोड्या आणि ध्वनिफलक यांच्या गणिती प्रतिमानातून तो सूर तिथल्या तिथे तयार करतो, त्यामुळे त्याचा आकार मेगाबाइटांत मावतो आणि तो रास्पबेरी पायसारख्या चिमुकल्या संगणकावरही चालतो. बदल्यात प्रोसेसरवर ताण येतो, हे मान्य करायला हवे.

अनेक मायक्रोफोनांनी मुद्रित केलेले, शंभर जीबीच्या घरातले पियानो मात्र जुन्या यंत्राला झेपणार नाहीत. त्यांच्यापुरता तो सल्ला बरोबर आहे. बाकी ठिकाणी पॉलिफनी, म्हणजे एकाच वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची मर्यादा, ६४ वर, गरज पडल्यास ३२ वर आणावी, कारण सस्टेन पेडल दाबून धरले की आधीचे सूर विरत नाहीत आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढते. आणि सगळे करूनही अधूनमधून टकटक ऐकू आलीच, तर वाजवताना वायफाय बंद करून पाहावे. पुष्कळदा अपराधी त्याचाच ड्रायव्हर असतो.