ओटावातला कालव्याकाठचा रस्ता रोज बंद नको

उन्हाळा लागला की ओटावातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा आशय असा: कॅनडाच्या या राजधानीतले पार्कवे, म्हणजे हिरवळीतून जाणारे निसर्गरम्य रस्ते, मुळात गाड्यांसाठी नव्हतेच, ते उन्हाळाभर रोज बंद ठेवले तर फार तर चार-पाच मिनिटांचा वळसा पडतो, कुणाचं काही बिघडत नाही, उलट कालवा सगळ्यांना मिळतो, करोनाच्या काळात हे सिद्ध झालंय, हवाही सुधारते, आणि विरोध करणाऱ्यांना सायकलवाले खपत नाहीत. हा मजकूर पाठवणाऱ्यांत माझ्या जवळच्या मैत्रिणी आहेत, म्हणूनच सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं.

बाहेरच्यांसाठी थोडी माहिती. वाद मुख्यतः क्वीन एलिझाबेथ ड्राइव्हवेचा आहे. १८३२ मध्ये खुला झालेला, २०२ किलोमीटर लांबीचा आणि २००७ पासून जागतिक वारसा यादीत असलेला रिडो कालवा शहराच्या मधून जातो. त्याच्या पश्चिम काठाने डाऊज लेकपासून शहराच्या मध्यापर्यंत हा रस्ता येतो. तो महापालिकेचा नाही; नॅशनल कॅपिटल कमिशन, म्हणजे एनसीसी, या संघीय संस्थेचा आहे. २०२० पासून उन्हाळ्यात फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू ते सॉमरसेट स्ट्रीट हा टप्पा गाड्यांना बंद ठेवला जाऊ लागला. किती दिवस आणि कोणत्या वेळी, हे बदलत राहिलं. २०२३ मध्ये आठवड्याचे सातही दिवस बंद ठेवल्यावर महापौर मार्क सटक्लिफ यांनी एनसीसीला पत्र लिहून तो खुला करायला सांगितलं, आणि तेव्हापासून शहरात सरळ दोन तट पडले.

गाड्यांसाठी नव्हताच, या दाव्याला इतिहासाचा आधार नाही. १८९९ मध्ये संघीय सरकारने ओटावा इम्प्रूव्हमेंट कमिशन नेमलं, तेव्हा कालव्याचा काठ लाकडाच्या ढिगांनी आणि गोदामांनी भरलेला होता. तो साफ करून हा वळणावळणाचा रस्ता आखला गेला, तो वाहनात बसून काठाकाठाने जाता यावं म्हणूनच. तेव्हा वाहन घोडागाडी होतं, एवढाच फरक. पुढे १९५० च्या ग्रेबर नगररचना आराखड्याने शहरातली रेल्वे बाहेर हलवायला आणि पार्कवेचं जाळं वाढवायला सांगितलं. समोरच्या काठावरचा कर्नल बाय ड्राइव्ह त्या रुळांच्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यातच आला. मालवाहू ट्रकना पार्कवेवर आजही बंदी आहे. त्यामुळे तो कधीच सरसकट हमरस्ता नव्हता. बागेतून जाणारा, गाडीतून बघायचा रस्ता, हीच त्याची कल्पना होती.

कुणाचं बिघडत नाही, चार-पाच मिनिटांचा वळसा पडतो, हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. वळसा कुठून पडतो, ते बघा. दक्षिणेकडून आलेल्या गाड्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूशी अडल्या की ग्लीब वस्तीत शिरतात. पलीकडच्या काठावर जावं म्हटलं, तर बँक स्ट्रीटचा पूल मागे राहिलेला असतो आणि पुढचा प्रिटोरिया ब्रिज थेट ग्लीबच्या उत्तर टोकाला आहे. मधला फ्लोरा फूटब्रिज फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे उरतो बँक स्ट्रीट: दोन्ही बाजूंना दुकानं, कडेला लावलेल्या गाड्या, मधूनच वळणारे आणि सहा व सात नंबरच्या बस, ज्यांना वेगळी मार्गिकाच नाही. पुढे एक गाडी डावीकडे वळायला थांबली की मागची बस थांबते आणि बसमधले सगळे थांबतात. लॅन्सडाउनच्या मैदानात सामना असला तर विचारायलाच नको. बँक स्ट्रीटला कंटाळलेला चालक मग गल्ल्या शोधतो. त्या गल्ल्यांत शाळा आहेत, पाळणाघरं आहेत. कालव्याकाठच्या रस्त्यावर घरांची वा दुकानांची फारशी दारं उघडत नाहीत. तिथली वाहतूक उचलून जिथे मुलं रस्ता ओलांडतात तिथे नेली, तर सुरक्षितता वाढली असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

कालवा सगळ्यांना मिळतो, असं म्हणताना 'सगळे' कोण, याचा विचार झालेला दिसत नाही. कालव्याच्या दोन्ही काठांनी चालायला आणि सायकलला डांबरी वाट आधीपासून आहे. ती बाराही महिने गाड्यांपासून वेगळी आहे. ज्याला चालता येतं, ज्याला सायकल येते, त्याला कालवा मिळालेलाच आहे. रस्ता रोज बंद केल्याने त्याला आणखी रुंद जागा मिळते, हे खरं. पण ज्याला फक्त गाडीच्या खिडकीतून कालवा बघता येतो, त्याचा तो पूर्ण जातो.

माझ्या सासूबाई सांगलीहून उन्हाळ्यात आमच्याकडे येतात. दोन्ही गुडघे बदललेले, वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही. घरापासून कालवा लांब, आणि जुलैतल्या दमट उन्हात बाकापर्यंत चालणंही त्यांना झेपत नाही. पण गाडीत पुढच्या सीटवर बसवून, काच खाली करून काठाने हळूहळू नेलं की त्या लोखंडी कठड्यापलीकडचं पाणी बघत बसतात. कयाकमधल्या पोरांना हात करतात. एखादी नाव दिसली की 'जरा थांबव गं' म्हणतात आणि मला थांबता येत नाही म्हणून रागावतात. त्यांच्या महिनाभराच्या मुक्कामात एवढीच बाहेरची गंमत त्यांना हक्काने मिळते. शहराची अपंगांसाठीची पॅरा ट्रान्स्पो वाहनसेवा आधी नोंदणी करून घ्यावी लागते आणि ती दारातून दारापर्यंत नेते. काठाने फेरफटका मारायला ती नाही. व्हीलचेअरला बंद रस्ता सपाट आणि रुंद मिळतो, हा मुद्दा मला मान्य आहे. पण तो फायदा जवळ राहणाऱ्यांचा. बारहेवन किंवा कनाटा अशा लांबच्या उपनगरांतून आलेल्यांनी गाडी लावायची कुठे, याचं उत्तर आधी द्यायला हवं.

हीच तक्रार नदीपलीकडच्या डोंगराळ गॅटिनो पार्कच्या पार्कवेंबद्दलही ऐकू येते. शँप्लेन लुकआउटवरून दिसणारं ओटावा नदीचं खोरं ज्यांना चढण झेपत नाही त्यांनी बघायचं, तर रस्ताच हवा. तिथेही गाड्यांचे दिवस आणि तास आखडते झाले आहेत.

करोनाच्या काळात सिद्ध झालं, असं म्हणतात. २०२० मध्ये माणसांना दोन मीटर अंतर ठेवायचं होतं आणि कालव्याची वाट त्याला अरुंद पडत होती, म्हणून रस्ता दिला गेला. तेव्हा तो निर्णय योग्यच होता. या शहरातली सगळ्यात मोठी कचेरी म्हणजे संघीय सरकार, आणि तिथली बरीच माणसं घरून काम करत होती; गाड्या फारशा नव्हत्याच, मग कोंडी कुठून होणार? २०२३ पासून त्यांना कार्यालयात बोलवायला सुरुवात झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून आठवड्यातून किमान तीन दिवसांची सक्ती आली. रिकाम्या शहरात चाललेली व्यवस्था भरलेल्या शहरात चालते, याचा तो पुरावा कसा?

हवेबद्दलचा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. रस्ता बंद केला की काही लोक गाडीची फेरीच टाळतात, हे अनेक शहरांत दिसलं आहे. पण त्यासाठी हाताशी पर्याय लागतो. ग्लीबमध्ये ओ-ट्रेन, म्हणजे शहराची लोकल रेल्वे, नाही. दुसऱ्या मार्गिकेचं डाऊज लेक स्थानक पश्चिमेला, लॅन्सडाउनपासून चांगलंच दूर आहे. बस आहेत त्या बँक स्ट्रीटवर, म्हणजे नेमक्या वाढलेल्या कोंडीत. कार्बन कमी करायचा असेल तर आधी बँक स्ट्रीटवर बसला मोकळी मार्गिका द्या. ते केलं, तर मी या रस्त्याबद्दल वेगळा विचार करायला तयार आहे.

सायकलवाल्यांच्या द्वेषाचा आरोप तर मनाला लागतो. १९७० पासून इथे रविवारी सकाळी पार्कवे सायकलींसाठी बंद होतात. माझी मुलं त्याच रविवारी आधाराची चाकं काढून सायकल शिकली. ती प्रथा कुणी मोडू बघितली तर मी पहिली विरोधाला उभी राहीन. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी रस्ता वाटून घ्यायचा, ही पद्धत इतकी वर्षं रुजलेली असताना ती सोडून रोजच्या बंदीकडे का जायचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

शेवटी, ठरवणार कोण? एनसीसीचं मंडळ नेमलेलं असतं, निवडून आलेलं नसतं. ओटावा आणि नदीपलीकडच्या गॅटिनो शहराचे महापौर २०१६ पासून त्यात बसतात, पण त्यांना मत नाही. रस्ता बंद करणारे एक आणि कोंडी निस्तरणारे दुसरे. म्हणून एनसीसीकडे मागणं एवढंच: कामाच्या दिवशी रस्ता खुला ठेवा, शनिवार-रविवारच्या सकाळी सायकलींना द्या. आणि बंदी वाढवायचीच असेल, तर त्याआधी बंद रस्त्यावर तासागणिक किती माणसं आली आणि बँक स्ट्रीटवरची बस किती मिनिटं रखडली, हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लोकांपुढे मांडा.