ग्रीन झोन वाचवायचाय? मग हे एवढं कराच

तर तुमच्या गावाला लागून असलेला ग्रीन झोन आता पिवळा होणार म्हणे. विकास आराखड्याच्या नकाशात शेती हिरवी असते आणि रहिवास पिवळा, आणि आपल्याकडे हिरव्याचं पिवळं होतं, पिवळ्याचं हिरवं झालेलं मी तरी ऐकलं नाही. तुम्हाला विरोध करायचाय, चांगलं आहे, करा. फक्त विरोध करायची आपली एक पद्धत ठरून गेलीय, ती मोडू नका एवढंच सांगणं.

पहिलं म्हणजे नोटीस शोधत बसू नका. १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम ३७ आहे, त्यात लिहिलंय की मंजूर आराखड्यात बदल करायचा तर राजपत्रात नोटीस काढायची आणि त्या तारखेपासून महिन्याभरात कोणीही हरकत घेऊ शकतं. कोणीही म्हणजे खरंच कोणीही, जमीन नावावर असलीच पाहिजे असं नाही, पण हे कुणाला सांगू नका, उगाच लोक येतील. राजपत्र आजवर कधी वाचलं नाही तर आता कशाला सुरुवात करायची? पेपरात आलीच नोटीस तर ती 'नावात बदल' आणि 'मूळ कागदपत्रे गहाळ' यांच्या मधे कुठेतरी असते आणि तोपर्यंत आपण राशिभविष्यावर पोचलेलो असतो. महिना गेला की मग खरी जाग येऊ द्या. कोणीतरी ग्रुपवर जेसीबीचा फोटो टाकेल, खाली रडके चेहरे पडतील, 'आपण काहीतरी केलं पाहिजे' असं सगळे म्हणतील आणि त्या 'आपण' मधे आपण सोडून बाकी सगळे असतील.

त्याच कलमात अजून एक गंमत आहे. बदल असा पाहिजे की आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही. आता भाताच्या खाचरांवर पार्किंगसकट टॉवर उभे राहिले तर स्वरूप बदलतं की नाही, हा प्रश्न लेखी अजिबात विचारू नका. मुद्दा कायद्याचा होईल, साहेबांना फाईलवर उत्तर लिहावं लागेल, बिचाऱ्यांना आधीच किती कामं असतात.

पत्र लिहाच, पण मनापासून लिहा. सुरुवात काळ्या आईने करा, मग अन्नदाता, मग येणारी पिढी, मधे चिमण्या, शेवटी जाज्वल्य इशारा. गट नंबर लिहू नका, 'आमच्या मागचं शेत' पुरे. पाणीयोजना किती लोकसंख्येसाठी मंजूर झालीय, मे महिन्यात टँकरच्या किती खेपा होतात त्याची ग्रामपंचायतीतली नोंद, ओढा नकाशात कुठून जातो आणि जागेवर कुठे बुजवलाय, पोचरस्ता कागदावर किती मीटर आणि दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की किती, पुराचे तारखेसकट फोटो, असलं काहीही जोडू नका. त्या गोष्टींना उत्तर द्यावं लागतं. काळ्या आईला उत्तर द्यावं लागत नाही, तिथे 'नोंद घेतली' एवढं चालतं. आणि बाल्कनीतून डोंगर दिसणार नाही, फ्लॅटचा रेट पडेल, हे मात्र ठळक अक्षरात टाका, म्हणजे वाचणाऱ्याला तुमची तळमळ नेमकी कुठे आहे ते लगेच कळेल.

ते एकच पत्र सगळ्या गावाने झेरॉक्स काढून खाली सह्या करून द्यावं हे सगळ्यात उत्तम, शंभर पत्रांना मिळून एकच उत्तर पुरतं आणि सगळ्यांचा वेळ वाचतो. आवक नंबर, शिक्का, पोच वगैरे मागू नका. माणसावर विश्वास पाहिजे.

आता जरा नाजूक विषय. तुमच्या सोसायटीच्या नावात ग्रीन, व्हॅली किंवा मेडोज यापैकी एक तरी असणारच. ती ज्या गटावर उभी आहे तिथे ज्वारी व्हायची असं सांगणारी म्हातारी माणसं गावात अजून आहेत, त्यांना सभेला बोलावू नका. तुमची जमीन पडीकच होती. निसर्ग सुरू होतो तो तुमच्या कंपाऊंडच्या भिंतीपासून पलीकडे, आणि त्याचा ऱ्हास सुरू होतो तो तुम्हाला ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्यांनी डोंगरापलीकडे वीकेंडसाठी फार्महाऊसचा प्लॉट घेतलाय, सातबाऱ्यावर दहा अनोळखी लोकांबरोबर सामाईकात नाव लावून, त्यांना समितीचं अध्यक्ष करा. शेतीबद्दल बोलायला आता कागदोपत्री शेतकरीच ते.

खऱ्या शेतकऱ्याला मात्र विचारू नका. त्याला विचारलं तर तो भलतंच बोलतो. म्हणतो, सोयाबीनचा भाव काय मिळाला माहितीय का, पोराला शेती करतो म्हटल्यावर कोणी मुलगी देत नाही, चार भावांत वाटण्या झाल्यात, तुम्हाला हिरवं बघायचं असेल तर त्याचं भाडं देता का? याला आपल्याकडे उत्तर नसतं हो, खरंच नसतं, म्हणून विषय बदलायचा. तोवर त्याचं साठेखत, म्हणजे जमीन विकायच्या कराराचं कागदपत्र, झालेलं असतं, कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीने सह्या करायचा अधिकार, भलत्याच कुणाच्या नावाने, आणि ज्याच्या नावाने ते असतं तोच ग्रामसभेत 'गावाची जमीन गावातच राहिली पाहिजे' म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडत असतो. त्याच्यासाठी टाळ्या वाजवा, भाषण चांगलं करतो.

कोणी म्हणेल की झोन बदलला तरी पुढे पर्यावरणाची परवानगी लागते, तेव्हा बघू. जरूर बघा. २००६ च्या अधिसूचनेनुसार बांधकाम २० हजार चौरस मीटर झालं की ती परवानगी लागते, त्यामुळे काही प्रकल्पांची भूक बरोबर त्याच्या अलीकडे येऊन भागते. आणि लागली तरी इमारती आणि टाऊनशिपना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे तुमचं म्हणणं कोणी समोर बसवून ऐकायचं तर ते झोन बदलाच्या हरकतींवर जी सुनावणी होते तिच्यातच, आणि ती ठेवतात कामाच्या दिवशी, सकाळी अकराला, तालुक्याच्या नाहीतर शहराच्या ठिकाणी. तुम्हाला ऑफिस असतं. जायची काय गरज, स्टेटस ठेवा की.

गेलातच तर सगळे एकदम बोला, देशाच्या नियोजनाबद्दल बोला, पाऊस पूर्वी कसा वेळेवर यायचा ते सांगा. ओढ्याचा नकाशा घेऊन येणारी एखादी शाळेतली बाई असते प्रत्येक गावात, शांतपणे तीन मुद्दे मांडते, साहेबांना चष्मा लावून नकाशात बघायला लावते. तिला शेवटचा नंबर द्या, तोपर्यंत जेवणाची सुट्टी होते.

आणि हो, हरकतींनी काहीतरी झाल्याच्या गोष्टी गावात पसरू देऊ नका. पुणे महानगर प्रदेशाच्या प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रारूप आराखडा काढला, त्यावर ६० हजारांच्या वर हरकती-सूचना आल्या, लोक कोर्टातही गेले आणि शेवटी २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द करायचं ठरलं. वसईत लेखक आणि धर्मगुरू फादर दिब्रिटोंबरोबर लोक हिरव्या पट्ट्यासाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरत राहिले. वाचवलं किती आणि गेलं किती ते वसईकर सांगतील, पण असली उदाहरणं ऐकून एखादा उठून खरंच हरकत लिहायला बसला, गट नंबरसकट, तर काय करणार?

एवढं सगळं नीट पाळलंत तर मंजुरी वेळेत येते. मग मात्र घाई करा, प्री-लाँचचा रेट पहिल्या काही दिवसांचाच असतो, जुन्या गावकऱ्यांना आणि आंदोलकांना वेगळा डिस्काउंट मिळतो का ते विचारून बघा, बिल्डर ओळख ठेवतात. वरचा मजला घ्या, पूर्वेकडचा, तिकडे अजून थोडी शेतं दिसतात. फक्त टोकन द्यायच्या आधी त्या शेतांचं साठेखत कुणाच्या नावाने झालंय ते हळूच विचारून घ्या.