दरवाजा राखला, तट गेला

गढीचा, सरदारवाड्याचा दरवाजा तेवढा राखायचा आणि तट जाऊ द्यायचा, ही आपल्याकडची रीत मला अजिबात पटत नाही. दरवाजाला रंग, दिवे, पाटी. अन् शेजारच्या तटाचे चिरे कुणाच्या तरी गोठ्याच्या पायात.

शनिवारवाडा बघा. १७३० साली पायाभरणी झाली, १८२८ च्या आगीत आतले महाल गेले. जोती आणि कारंज्यांचे हौद सोडले, तर आज उभा आहे तो तट, बुरूज आणि पाच दरवाजे. खाली दगड, वर विटा. हा तट नसता तर नुसत्या दिल्ली दरवाजाकडे बघून वाडा केवढा होता याचा कुणाला अंदाज आला असता?

जुन्या गढीत गेलात तर दरवाजाच्या आतल्या अंगाला उभे राहा. भिंतीत एक चौकोनी भोक असतं, हात घातला तर खांद्यापर्यंत आत जातो. ती अडसराची जागा. दिवसा अख्खा लाकडी वासा भिंतीत सरकवून ठेवायचा, रात्री ओढून समोरच्या खाचेत बसवायचा. दरवाजाची कडी तटाच्या जाडीत असते ती अशी. कमानीचा रेटाही दोन्ही बाजूंचा तटच पेलतो. तो पाडला की कमान फाकते, माथ्याचा दगड खाली सरकतो. मग तीच कमान धोकादायक म्हणून पाडायची!

आमच्याकडच्या गढीच्या तटाला दुरुस्ती म्हणून सिमेंटचे दर्जे भरले, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे सिमेंटनं बुजवले. दोनतीन पावसाळ्यांत भिंतीला पोट सुटलं. बाहेर घडीव चिरे, आत दगडमातीची भर, अशा भिंतीत मुरलेलं पाणी चुन्यातून वाळून जातं. सिमेंट ते कोंडून ठेवतं. हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होतं, त्यांना कुणी विचारलंच नाही. याचा मला आजही राग येतो.

राज्याचा १९६० चा पुरातत्त्व कायदा आहे, पण तो संरक्षित यादीतल्या वास्तूंपुरता. बहुतेक गढ्या खासगी, वारस अनेक, दुरुस्तीला पैसा कुणाकडेच नाही. म्हणून गावानंच पुढं यावं. ग्रामसभेत ठराव करा, तटाचा एक चिराही हलवायचा नाही. सांध्यातला पिंपळ बोटाएवढा असतानाच काढा, मुळं आत गेल्यावर तो भिंत घेऊनच निघतो. आणि दुरुस्ती चुन्यातच करा. दगडी चाकाच्या घाणीवर चुना मळणारे कारागीर अजून आहेत, त्यांना शोधा, योग्य मजुरी द्या आणि गावातली दोन पोरं त्यांच्या हाताखाली द्या.