अळ्यांना थंडी वाजते

यॉर्कशायरमध्ये जानेवारीत सकाळी नदीकाठी जायला माणसाकडे एकतर कुत्रं लागतं, नाहीतर ग्रेलिंगचा नाद. मला कुत्र्यांची भीती वाटते.

ग्रेलिंग हा नदीतला मासा, ट्राउट माशाचा भाऊबंद, पाठीवर शिडासारखा ऐसपैस पर मिरवणारा. हिवाळ्यात ट्राउटला हात लावायचा नाही, ग्रेलिंग मात्र 14 मार्चपर्यंत गरवता येतो. त्यातून कडाक्याच्या थंडीतही त्याची भूक शाबूत. म्हणजे घरी बसायला निमित्तच उरत नाही!

आमिष म्हणून अळ्या. दुकानात पिंटाच्या मापाने मिळतात, हौस असेल तर लाल रंगवलेल्याही. उबेत राहिल्या की कोष आणि मग माश्या, म्हणून मुक्काम फ्रिजमध्ये. बायकोने भाजीच्या कप्प्याखालची जागा दिली आहे, तीही अटीवर: मार्गशीर्षातल्या गुरुवारी नैवेद्याचं दूध आत, अळ्या बाहेर शेडमध्ये. शुक्रवारी सकाळी त्या परत येतात. भाडेकरूसुद्धा इतक्या मुकाट्याने जागा सोडत नाहीत.

वॉर्फ नदीच्या काठावर मात्र याच अळ्या गारठून काड्या होतात, आणि न वळवळणाऱ्या अळीत माशाला काय रस? म्हणून मूठभर अळ्यांची डबी कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी. माझे हातमोजे गाडीतच, कारण ते घालून 16 नंबरचा इवलासा गळ धरता येत नाही.

ग्रेलिंगचं तोंड खालच्या बाजूला, चरणं तळाशी. तेव्हा फ्लोटखालची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखालची, दोरी अशी बेतायची की आमिष तळाला जेमतेम न घासता वाहील. पण वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं. फ्लोट मोकाट सोडला तर तो पुढे आणि अळी मागून फरफटत. म्हणून रिळाच्या कडेवर अंगठा टेकवून फ्लोटला किंचित अडवायचं, म्हणजे अळी पुढे जाते. दर फेरीला चिमूटभर अळ्या सुट्ट्याही टाकायच्या. सगळी कला त्या अंगठ्यात, आणि सगळ्यात आधी बधिर होतो तोच. तोवर काठीवरच्या, दोरी ओवलेल्या कड्यांत बर्फ धरलेला असतो. काठी पाण्यात बुचकळली की सुटतो, पुढच्या फेरीपुरता.

फ्लोट बुडतो. बहुतेकदा पान असतं. कधीतरी खरंच ग्रेलिंग, पाण्यात गिरक्या घेत येणारा. आमच्या क्लबच्या नियमाने तो परत सोडायचा, पण नुसता टाकायचा नाही. दमलेला असतो बिचारा. प्रवाहाकडे तोंड करून, दम परत येईपर्यंत दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवायचा. त्या पाण्यात!

मालवणात आईला फोटो पाठवला.

"केवढो?"

"पाऊण किलो असेल."

"तिखला केलंस?"

"सोडला."

बराच वेळ नुसती पंख्याची घरघर.

"मगे गेललस कित्याक?"