सावलीचा सातबारा

गोरेगाव पूर्वेला राहणारा माझा मावसभाऊ आता मेट्रो-३ने वांद्रे-कुर्ला संकुलात कामाला जातो. या मेट्रोचे डबे ठेवण्यासाठी आरे दुग्धवसाहतीतील झाडे तोडून बांधलेल्या कारशेडला माझा विरोध होता हे त्याला ठाऊक आहे. परवा फोनवर तो म्हणाला, "तू तिकडे झाडीत राहतोस, म्हणून तुला झाडांचं सुचतं. वीस वर्षं लोकलच्या दारात उभा राहा, मग बोल." त्याचे म्हणणे मला लागले, कारण ते निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्याचे उत्तर मी ज्या गावात राहतो त्या गावाच्या इतिहासात आहे, असे मला वाटते.

शिकागोच्या पश्चिमेला सुमारे १५ किलोमीटरवर, डेस प्लेन्स नदीच्या वळणात रिव्हरसाइड नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम नऊ हजारांची. सकाळी ओक आणि मेपलखालच्या वळणदार रस्त्यांनी माणसे स्टेशनाकडे चालत जातात, दिवसभर गाव शांत असते आणि अंधार पडला की रस्त्यांवर अजूनही गॅसचे दिवे लागतात. प्रथम पाहणाऱ्याला वाटते की जुन्या जंगलात कोणीतरी हलक्या हाताने घरे ठेवली आहेत. प्रत्यक्षात घडले ते उलट. नदीकाठची झाडी सोडली तर इथे बराचसा उघडा माळ आणि शेतजमीन होती. १८६४ साली इथून रेल्वे गेली (आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच्याही ११ वर्षे आधी सुरू झाली होती) आणि १८६९ मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स या जोडीने, म्हणजे न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क ज्यांनी रचले त्यांनीच, सुमारे १६०० एकरांचा आराखडा केला. त्यात रस्ते मुद्दाम वळणाचे घेतले, नदीचा काठ आणि मधले मोठे मैदान सार्वजनिक ठेवले, रस्ते जिथे मिळतात तिथे लहान त्रिकोणी बागा सोडल्या आणि हजारो झाडे लावली. इथे आगगाडी आधी आली आणि झाडी तिच्या आधाराने वाढली. गाडी आणि झाडे एकमेकांच्या वाटेत येतात हे गृहीत धरूनच आपल्याकडचा वाद सुरू होतो, म्हणून हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

गाव उभारणारी कंपनी मात्र टिकली नाही. १८७१ची शिकागोची आग आणि १८७३ची मंदी यांनी तिचे दिवाळे काढले. याच गावाचा जलमनोरा बांधणारा विल्यम ल बॅरन जेनी पुढे शिकागोत १८८५च्या होम इन्शुरन्स इमारतीचा वास्तुरचनाकार झाला, जिला अनेक जण जगातील पहिली गगनचुंबी इमारत मानतात. इतक्या जवळ असे शहर फुगत असताना दिवाळखोर कंपनीच्या मोकळ्या जागा गिळल्या जाणे सहज शक्य होते. त्या वाचल्या, कारण १८७५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामशासनाने मूळ आराखडा प्रमाण मानला. बागा, नदीकाठ आणि रस्त्यांकडेच्या पट्ट्या सर्वांच्या होत्या आणि त्या सर्वांच्याच राहिल्या. १९७० मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, पण जपणूक त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती.

आता मावसभावाच्या निम्म्या सत्याकडे येतो. ही जमीन रिकामी नव्हती. १८३३च्या शिकागो करारानंतर इथल्या मूळ रहिवासी पोटावाटोमी लोकांना मिसिसिपी नदीपलीकडे जावे लागले. पुढे शिकागो परिसरात घरांच्या खरेदीखतांतच कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशा अटी सर्रास घातल्या जात. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असे ठरवले आणि १९६८च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील भेदभावच बेकायदा झाला, तरी हिरव्या उपनगरांवरची ती छाया पूर्ण गेलेली नाही. आजही इथली सावली ज्याला परवडते त्यालाच मिळते. अशी विरळ वस्ती मुंबईसाठी मी मागत नाही. मुंबईला मेट्रो हवी होती, आणि ती झाली याचा मला आनंद आहे.

माझा आक्षेप जमिनीच्या हिशेबाला आहे. आरे दुग्धवसाहत १९४९ मध्ये शहरातील गोठे बाहेर हलवण्यासाठी उभी राहिली. जमीन दुग्धविकासाची, म्हणून कागदावर ती कधी जंगल नव्हतीच, हा युक्तिवाद आपण वारंवार ऐकला. पण जंगल नाही म्हणून मोकळी, आणि मोकळी म्हणून उपलब्ध, या तर्काने गेली सत्तर वर्षे तिचा एकेक तुकडा निघत गेला; चित्रनगरी हा त्यांपैकीच एक. ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री, वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळणाऱ्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर काही तासांतच झाडांवर करवती चालल्या आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. कारशेड पुढे कांजूरमार्गला नेण्याचे ठरले आणि २०२२ मध्ये ते पुन्हा आरेत आले. या सगळ्या काळात मोजदाद झाली ती झाडांची. तोडली किती आणि भरपाई म्हणून लावली किती, एवढेच विचारले गेले. आरेच्या पाड्यांवर राहणाऱ्या वारली कुटुंबांचा हक्क या मोजणीत कुठेच बसत नव्हता. पोटावाटोमींबद्दल वाचताना मला ते आठवतात, आणि ते अजून तिथेच आहेत हाच मला त्यातला सर्वांत मोठा दिलासा वाटतो.

झाडे तर इथेही मरतात. हिरव्या रंगाच्या एका परदेशी भुंगेऱ्याने शिकागो परिसरातील अ‍ॅश वृक्षांचा फडशा पाडला, जसा पिठ्या ढेकणाने मुंबईतील पर्जन्यवृक्षांचा पाडला. फरक त्यानंतर दिसतो. माझ्या घरासमोरचा अ‍ॅश काढला तेव्हा त्याच पट्टीत वेगळ्या जातीचे रोप आले, कारण ती पट्टी झाडासाठीच राखलेली होती. नदीचेही तसेच आहे. एप्रिल २०१३ मध्ये डेस प्लेन्सला विक्रमी पूर आला. घरांत पाणी शिरले, नुकसान झाले, पण काठाची पुष्कळ जमीन मोकळी असल्याने पाण्याला पसरायला जागा होती. मिठी नदी आरेच्या शेजारून, विहार आणि पवईच्या पाण्यावर निघते आणि विमानतळाखालून व वांद्रे-कुर्ला संकुलाच्या कडेने आक्रसत समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तिच्याजवळ अशी जागा उरलेली नव्हती. माझा मावसभाऊ त्या रात्री कमरेइतक्या पाण्यातून घरी चालत गेला होता. ही आठवण त्याला करून द्यायला मला संकोच वाटला, पण मी ती दिली.

"मग मी मेट्रोत बसू नको का?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, रोज बस. मात्र आरेतील सुमारे ८०० एकर जमीन वनासाठी राखण्याचे शासनाने २०२०-२१ मध्ये जाहीर केले आहे. बाकीच्या जमिनीचे काय, पाड्यांवरच्या लोकांचे दावे कुठवर आले आणि पुढचा तुकडा कोणासाठी मागितला जातो आहे, हे तुझ्या नगरसेवकाला तू विचार. मी इथून विचारले तर तो ऐकणार नाही. तुझ्या घरापासून त्याचे कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे.