बुद्धिबळाच्या स्पर्धेत मागं उभं कसं राहावं

राजेहो, परवा तालुक्याच्या स्पर्धेत मी काळे मोहरे घेऊन सिसिलियन (डाव सुरू करायची एक पद्धत) खेळत होतो, आन् माझ्या मागं उभ्या जाणकारांची कला पाहून वाटलं, नवीन मंडळीसाठी लिहूनच टाकावं.

पहिलं म्हणजे इतकं जवळ उभं राहा की खेळणाऱ्याच्या मानेला खर्र्याचा वास लागला पायजे.

समोरच्यानं ई-४ केलं आणि आपल्या माणसानं सी-५ केलं की लगेच बोला, "हे उंटापुढचं प्यादं काहून काढलं बे, मधातलं काढ ना." फिशर, कास्पारोव हे जगज्जेते हेच खेळायचे म्हणा, पण त्यायले तुम्ही कुठं भेटले होते.

फोन सायलेंट करू नका.

आता मुख्य कला. डाव ड्रॅगनमध्ये, म्हणजे सिसिलियनच्याच एका प्रकारात गेलेला, गोऱ्यानं, म्हणजे पांढऱ्यावाल्यानं, वजिराकडं कॅसल करून राजा तिकडं लपवलेला, त्याचा घोडा सी-३ वर, आपला हत्ती सी-८ वर, मधात रान मोकळं. हत्ती देऊन तो घोडा मारायचा अन् राजाचं छप्पर उडवायचं, ड्रॅगनवाले वर्षानुवर्षं हेच करत आले, मी घड्याळाची दहा मिनिटं खाऊन त्याचाच हिशोब लावत होतो आणि गोऱ्याला काहीच दिसलं नव्हतं, मिशीला हात लावून नुसता बसला होता, तेवढ्यात मागून आवाज, "हत्ती देते वाटते हा, घोड्यावर डोळा हाय त्याचा." झालं. पोरानं माझ्याकडं पाहिलं, पटाकडं पाहिलं आणि घोडा डी-५ वर टाकला. घोडे कटले, अटॅक गेला, मग त्याचं एच प्यादं माझ्या राजावर चालून आलं. पंचाले सांगितलं तर ते तर्री पोहे खात म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊ, बोलतेच लोक."

डाव संपल्यावर हरलेल्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगा, "नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ ले महिलांचा वर्ल्डकप जिंकला, तुमचं काय चाललं?" तो कप झाला त्या जॉर्जियातल्या बाटुमीत तिच्या मागं उभं राहून कोणी चाली सांगत नव्हतं, हे मात्र सांगू नका.

अन् आता सरळ बोलतो. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमात प्रेक्षकानं चालू डावात तोंड घालायचंच नसते, पंच त्याला हॉलच्या बाहेर काढू शकतो. माहीत नव्हतं? मग माहीत करून घ्या. लेकरं महिना महिना ओपनिंग पाठ करतात, एसटीचे धक्के खात येतात, आणि तुम्ही टाईमपास म्हणून त्यायच्या डावाची माती करता, लाज वाटत नाही? एवढीच जीभ खाजवते तर नाव नोंदवा, एन्ट्री फी भरा आणि समोरच्या खुर्चीवर येऊन बसा.