छताला एसी टांगायचा असल्यास डोके बाजूला ठेवावे

उन्हाळा तापला आहे आणि आपल्या सोसायटीच्या सभागृहात, दवाखान्यात किंवा क्लासच्या खोलीत छताला टांगायचा कॅसेट एसी बसवण्याचे आपण मनावर घेतले आहे, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. भिंतीवरचा एसी पडलाच तर कडेच्या खुर्चीवर पडतो. छताच्या मधोमध टांगलेला एसी सर्व सभासदांना समान संधी देतो. सहकाराच्या तत्त्वाला इतके धरून असलेले दुसरे उपकरण बाजारात नाही. आमच्या सोसायटीने ते नुकतेच बसवून घेतले असल्यामुळे माझ्याकडे या विषयातील ताजे ज्ञान आहे, आणि ते वाटल्याने वाढते असे म्हणतात.

यंत्र निवडताना आपण कसलीही घाई करू नये. पाच स्टार की तीन स्टार, इन्व्हर्टर की साधा, कॅशबॅक कोणत्या कार्डावर मिळतो, यांवर कमिटीच्या तीन सभा आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची किमान दोन भांडणे सहज खर्ची पडावीत. ते बसवणारा माणूस मात्र फोनवरच, ‘तुमचे किती होतील?’ या एकाच प्रश्नावर निवडावा. तीन कोटेशने मागवावीत आणि सर्वांत स्वस्त असलेले नेमके का स्वस्त आहे, हे कोणीही विचारू नये. त्यात ‘इन्स्टॉलेशन एकरकमी’ एवढे लिहिलेले असले की पुरे. रॉड किती जाडीचे, ते छतात पकडून धरणारे फास्टनर कोणते, यंत्रातले पाणी बाहेर नेणारा ड्रेनचा पाइप कुठून कुठे जाणार, असल्या तपशिलांनी कागद उगाच भरतो.

कंपनीची पुस्तिका खोक्यातच राहू द्यावी. खोका रद्दीवाल्याकडे गेला की तोही प्रश्न मिटतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे यंत्र कशाला टांगावे. पॅनेलसकट तीसेक किलोचे हे धूड चार आटेदार रॉडना लटकते. ते रॉड साधारण दहा मिलिमीटरचे असावेत, प्रत्येक रॉड अँकर फास्टनरने थेट काँक्रीटच्या स्लॅबमध्ये पकडलेला असावा, ब्रॅकेटच्या वर आणि खाली वायसर असावेत आणि यंत्राच्या थरथरीने सैल होऊ नयेत म्हणून खालून दोन-दोन नट आवळलेले असावेत, असे पुस्तिकेत लिहिलेले असते. परंतु स्लॅब फार वर असतो, त्याला भोक पाडायला हॅमर ड्रिल लागते, धूळ डोळ्यांत जाते, मध्येच सळई लागते आणि जागा बदलावी लागते. त्यापेक्षा फॉल्स सीलिंगचा सांगाडा हाताशी असतोच. त्याच्या जीआय पट्ट्या जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या असतात आणि साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड व काही दिवे पेलण्यापुरत्याच केलेल्या असतात, हे खरे. पण वरून पुट्टी आणि रंग मारला की कोणाला काय दिसते?

आमच्याकडे हेच झाले. एका बाजूचे दोन रॉड स्लॅबमध्ये गेले, दुसऱ्या बाजूला स्प्रिंकलरचा पाइप आडवा आला, आणि फिटरने त्या बाजूचे दोन्ही रॉड सरळ सीलिंगच्या पट्टीला बाइंडिंगच्या तारेने पीळ देऊन बांधून टाकले. सेक्रेटरींनी खालून विचारले, ‘पक्कं आहे ना?’ वरून उत्तर आले, ‘काय नाय होत साहेब.’ या क्षेत्रात याहून वरचे प्रमाणपत्र नाही. लगेच बोर्ड बंद झाला, पुट्टी झाली, फीत कापली गेली आणि पेढे वाटले गेले.

पुढे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सभागृह गच्च भरलेले असताना यंत्राची एक बाजू खाली आली. आधी पॅनेल आणि सीलिंग यांच्यामध्ये बोटभर फट पडली. मग ड्रेनचा काठ वर आणि विरुद्ध काठ खाली झाल्यामुळे आतल्या ट्रेमधले पाणी भलत्या बाजूने ओसंडले आणि आंब्याच्या डाळीच्या पातेल्यात त्याची धार लागली. लोक हसले. एसीलाही प्रसाद हवा असेल, असे कोणीतरी म्हणाले. डाळ टाकून देण्यात आली, तिच्या जागी बादली ठेवण्यात आली, आणि त्या यंत्राच्या बरोबर खाली लहान मुले मांडी घालून वाटलेले हरभरे खात बसून राहिली. फिटरला फोन लावला, तर त्याने घरबसल्या निदान केले, की गॅस कमी असणार. गॅस! तीस किलोचे लोखंड तारेच्या पिळावर लोंबकळते आहे आणि याला गॅस कमी दिसतो! पाणी गळते म्हणून सगळे सभागृह माना वर करून पाहत होते, पण हे यंत्र तिरके का झाले हे पाहायला एकही सद्गृहस्थ शिडीवर चढला नाही. दुसऱ्या दिवशी भिजलेला बोर्ड फुगून खाली आला, तेव्हा कुठे ती तार दिसली.

असो. सल्ल्याकडे वळू.

स्लॅबमध्येच टांगण्याचा आपला हट्ट असेल, तर निदान स्लॅबकडे पाहू नये. जुन्या इमारतीत वरच्या न्हाणीघराची गळती मुरून सळया गंजलेल्या असतात आणि हातोडीने ठोकले तर पोकळ आवाज येतो, म्हणून ठोकू नये. फास्टनर नुसता गिलाव्यात अडकला आहे की काँक्रीटमध्ये पोहोचला आहे, हेही विचारू नये. नव्या टॉवरमध्ये स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड असेल, तर त्यात ताणलेल्या पोलादी केबली असतात आणि स्कॅन करून त्यांची जागा कळल्यावरच ड्रिल मारायचे असते. परंतु ज्या बिल्डरने अजून कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी, सोसायटीला दिलेले नाही, त्याच्याकडे केबलींचा नकाशा कोणत्या तोंडाने मागणार?

पाणसळ लावू नये. डोळ्यांना सरळ दिसते ते सरळ.

ड्रेनच्या पाइपला दर मीटरमागे किमान सेंटिमीटरभर ढाळ लागतो, असा एक समज आहे. दमट दिवशी दोन टनांचे यंत्र तासाला दोन-तीन लिटर पाणी सहज काढते. ते चढावरून जाईल असा विश्वास बाळगावा. ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का, हे पाहायला पाचच मिनिटे लागतात, पण तेवढ्यात फिटरची पुढची साइट चुकते.

कॉपरच्या पाइपातली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप लागतो. ‘पंप दुसऱ्या गाडीत राहिला’ हे उत्तर आपण हसतमुखाने स्वीकारावे आणि गॅस सोडूनच हवा हुसकू द्यावी. आर-३२ हा गॅस काही प्रमाणात ज्वलनशील आहे, पण फिटरच्या तोंडातली बिडी विझत आलेली असते. मात्र गळती तपासण्यासाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडणारा कोणी महाभाग भेटला, तर येथे थट्टा थांबवून सांगतो, की त्याला तत्क्षणी बाहेर काढा. दाबाखालचा ऑक्सिजन कॉम्प्रेसरच्या तेलाला भेटला की स्फोट होतो.

एमसीबी, म्हणजे वायरवर जास्त भार आला की वीज तोडणारा खटका, वारंवार पडत असेल तर वायर तीच ठेवून मोठी एमसीबी बसवावी. अर्थिंगची वायर टेप गुंडाळून कोपऱ्यात सरकवली की काम नीटनेटके दिसते.

दुरुस्तीसाठी सीलिंगमध्ये झडप ठेवू नये, शोभा जाते.

यंत्र वर चढवण्यासाठी घोडा, म्हणजे उभे राहून काम करायची उंच मांडणी, भाड्याने आणण्याचा खर्च टाळावा. सभागृहात टेबल असते, टेबलावर प्लास्टिकची खुर्ची मावते आणि खुर्चीवर नुकतेच मिसरूड फुटलेला एक हेल्पर मावतो. त्याने ते तीस किलोचे यंत्र दोन्ही हातांनी डोक्यावर तोलून धरावे, फिटरने नट शोधावा आणि आपण खालून ‘जरा डावीकडे घ्या’ असे मार्गदर्शन करावे. बाहेरचे युनिट बसवायला तोच मुलगा सेफ्टी बेल्टशिवाय छज्ज्यावर उतरेल, तेव्हा मात्र आपण पाहू नये, कारण आपल्याला चक्कर येते.

आता पुरे झाले. तुम्हाला खरेच एवढेही कळत नाही का? सगळे खापर त्या फिटरवर फोडून मोकळे होऊ नका. त्याने जे केले ते वाईटच केले, पण ऐन उन्हाळ्यात त्याला एका दिवसात चार ठिकाणी कोण पळवतो? ‘आजच्या आज झाले पाहिजे’ असे कोण म्हणतो? त्याने घोड्याचे भाडे लावले तेव्हा ते कोणी कापले? लाखाच्या घरातले यंत्र आणताना तुमचा हात आखडला नाही, आणि ज्या चार रॉडवर ते लोकांच्या डोक्यावर लटकणार, त्यांच्या काहीशे रुपयांवर तुम्ही अर्धा तास घासाघीस केलीत. शिडी तिथेच उभी होती. बोर्ड बंद होण्याआधी कमिटीतल्या एकाने चार पायऱ्या चढून टॉर्च मारला असता, तर ती तार डोळ्यांत खुपली असती. चारही रॉडचे फोटो मागा, चारही फास्टनर काँक्रीटमध्ये आहेत याची खात्री करा, ट्रेमधले पाणी बाहेर पडताना पाहा, आणि तोवर बिलाचा शेवटचा हप्ता देऊ नका. यात इंजिनिअरची पदवी लागते असे कोणते काम आहे?

आणि आमच्या कमिटीने परवाच्या सभेत काय ठरवले? नवा बोर्ड लावायचा, जुन्या पट्टीला जाड तार बांधायची आणि पुढच्या महिन्यातल्या मुंजीपूर्वी सीलिंग रंगवून घ्यायचे. रंगाऱ्याला आगाऊ रक्कमही देऊन झाली आहे. त्याला परत पाठवा, सभागृहाला कुलूप लावा आणि ते यंत्र आधी खाली उतरवा.